टाकीवरचा सासरा

राजाराम गुरुजींसमोर पुस्तकाबद्दल बोलायचं म्हणजे पोलीस ठाण्यात जबाब द्यायला उभं राहायचं, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरून आत वळलं की ही बौद्धवाडी लागते. तिच्या विहारात दर पौर्णिमेला संध्याकाळी वंदना झाली की पुस्तकाची बैठक बसते. एकाने उठायचं, महिनाभरात काय वाचलं ते सांगायचं, आवडलं का नाही ते बोलायचं, आणि शेवटी ते पुस्तक समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी हातात ठेवायचं. ज्याच्या हातात पडलं त्याची सुटका नाही. पुढच्या पौर्णिमेला त्याने उभं राहायचं. ही पद्धत गुरुजींनीच पाडली, शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी. पद्धत चांगलीच होती. तिला कोणी नावं ठेवत नव्हतं. नावं ठेवायचे ते गुरुजींना, आणि तीही पाठीमागे.

कारण नियमही त्यांचाच होता: जे पुस्तकात नाही ते बोलायचं नाही. आता हा नियम वाईट आहे का? मुळीच नाही. पण नियम सांगणं वेगळं आणि नियमाच्या काठीने माणूस झोडपणं वेगळं. आत्माराम म्हणून एसटीचा निवृत्त कंडक्टर आहे, साधा गडी. त्याने एकदा पुस्तक न वाचता मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूरच आपल्या शब्दांत सांगितला. गुरुजींनी शांतपणे विचारलं, "नायकाच्या बहिणीचं नाव काय होतं हो?" आत्माराम घाबरून म्हणाला, "सुमन." गुरुजी म्हणाले, "नायकाला बहीणच नाही. बसा खाली." सगळा विहार हसला. आत्माराम तेव्हापासून शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसतो आणि वंदनेपुरतंच तोंड उघडतो.

तर पौषातल्या पौर्णिमेला उभी राहिली ती गुरुजींची स्वतःची सून, स्नेहल. एम.ए., बी.एड. झालेली पोर. नवरा सुहास मुंबईत कंपनीच्या खोलीत चौघांबरोबर राहतो, म्हणून ही गावाला सासू-सासऱ्यांपाशी. एरवी बैठकीत ती चहाचे कप भरायची. त्या दिवशी हातात हिरव्या पुठ्ठ्याची जाडजूड कादंबरी घेऊन पुढे आली. गुरुजी खुर्चीत मागे रेलले. सून बोलणार म्हणून त्यांना बरंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगा.

"विदर्भातल्या एका गावची गोष्ट आहे," स्नेहल म्हणाली. "एक शिकलेली सून आहे. शहरातल्या शाळेत मुलाखत देऊन येते. शाळेचे मुख्याध्यापक सासऱ्याच्या ओळखीचे. तिची निवड झाली हे ते आधी सासऱ्याच्या कानावर घालतात. सासरा घरात कोणाला काही बोलत नाही. भर दुपारी, डोक्यावर टोपीसुद्धा न घालता, वरच्या पाण्याच्या टाकीजवळ जातो, कारण गावात रेंज तिथंच येते. तिथून फोन लावून सांगतो, सुनेचा विचार बदललाय, ती येणार नाही. परत येऊन गार सरबत मागतो. सून रोज वाट बघते. मग हाच सासरा तिची समजूत काढतो. म्हणतो, जाऊ दे पोरी, नशीब एकेकाचं."

गुरुजी खुर्चीत एकदम ताठ बसले. टाकी. फोन. नशीब एकेकाचं. हे शब्द त्यांचे होते, जसेच्या तसे. मागच्या मे महिन्यात रत्नागिरीतल्या त्या शाळेला त्यांनी असाच फोन केला होता, आणि ही गोष्ट त्यांच्याशिवाय आणि त्या मुख्याध्यापकांशिवाय कोणालाही माहीत नव्हती, अशी त्यांची समजूत होती. मग हिला कोणी सांगितलं? त्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. स्नेहलची बी.एड.ची मैत्रीण श्रद्धा. तीही त्याच शाळेत शिकवते. गेल्या आठवड्यात बाजारात दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या.

इकडे विहार पेटला होता. "म्हणजे तिकडंपण टाकीवरच रेंज?" रिक्षावाला नितेश ओरडला. "आपल्यासारखंच की रे!" लोक हसले. मग मथुराकाकी, वाडीतली सगळ्यांत वयस्कर बाई, बसल्या जागेवरून कडाडली, "मेला तो सासरा! पोरीच्या तोंडातला घास काढून घेतलान आणि वर सरबत ढोसलान? लाज कशी नाय वाटली?"

"आणि काकी," स्नेहल म्हणाली, "हा सासरा गावात भाषणं करतो. बायकांनी शिकावं, नोकरी करावी, पायावर उभं राहावं म्हणून. टाळ्या घेतो."

"थुत् त्याच्या टाळ्यांवर!" मथुराकाकी म्हणाली. बायकांच्या बाजूने एकच कल्ला उठला. त्या न पाहिलेल्या सासऱ्याला जे काय शिव्याशाप पडले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आणि गुरुजी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून ते सगळे ऐकत होते, मान हलवत. दुसरं काय करणार? जानेवारीतलंच त्यांचं तसलंच भाषण ऐकलेली निम्मी माणसं समोर बसलेली होती.

तेवढ्यात मागच्या भिंतीकडून आत्माराम म्हणाला, "गुरुजी, तुमचं काय मत त्या सासऱ्याबद्दल?"

बऱ्याच महिन्यांनी त्याचं तोंड उघडलं होतं, तेही आत्ता. "समाजात अशी माणसं असतात," गुरुजी म्हणाले. "लेखिकेनं बरोबर पकडलंय."

स्नेहल पुढे आली. कोणाकडेही न बघता ती सरळ खुर्चीपाशी गेली आणि पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. "बाबा, तुम्ही वाचा. तुमच्याइतकं बारकाईनं कोण वाचणार?"

दुसऱ्या दिवशी कमलाबाई, म्हणजे गुरुजींची बायको, बचत गटाच्या मीटिंगला गेली तशी स्नेहल पडवीत येऊन उभी राहिली. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"शाळेत पुन्हा जागा निघालीय बाबा. पण मुख्याध्यापक म्हणतात, एकदा शब्द देऊन फिरवणाऱ्या बाईला परत घेणार नाही. त्यांना वाटतंय मीच नाही म्हणाले. तुम्ही फोन करून खरं सांगा. एवढंच मागते मी. हे कोणाला कळायची गरज नाही."

गुरुजींनी तेव्हा हो म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माणूस हट्टाला पेटला की त्याचं भलं त्याला दिसत नाही. एक फोन करायचा म्हणजे काय, तर ज्या माणसाने वर्षानुवर्षं 'गुरुजी गुरुजी' म्हणून हात जोडले त्या मुख्याध्यापकाला सांगायचं की मी खोटं बोललो होतो. जीव गेला तरी ते हे करणार नव्हते.

"कसला फोन?" ते म्हणाले. "कादंबऱ्या वाचून डोकं फिरलंय तुझं. पुस्तकातलं घरात आणू नकोस."

"तुम्ही फोन केला नाहीत?"

"नाही."

"ठीक आहे," स्नेहल म्हणाली. "मग पुस्तक पूर्ण वाचा."

त्या महिन्यात त्या घरात जे चाललं त्याला संसार म्हणवत नाही. चहाचा कप टेबलावर असा आदळायचा की बशीत निम्मा चहा. भाकरी वेळेवर, कालवण वेळेवर, पण तोंडातून शब्द नाही. गुरुजी काही मागायला लागले की ती कमलाबाईंना म्हणायची, "आई, त्यांना काय हवंय बघा." गुरुजीही काही कमी नव्हते. मुद्दाम पडवीत बसून मोठ्याने फोनवर सुहासला सांगायचे, "तुझ्या बायकोला जरा समजव, हल्ली फार शेफारलीय." घरात रेंज नसल्यामुळे सुहासला त्यातलं काहीही ऐकू जात नव्हतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. कमलाबाई दोघांकडे बघत राहायची. "काय झालंय तुमचं?" तिने एकदोनदा विचारलं. दोघांनीही सांगितलं नाही. स्नेहलला वाटायचं, सासू नवऱ्याचीच बाजू घेणार. गुरुजींना वाटायचं, बायकोला यातलं काय कळतंय.

आणि ते वाचत होते. आधी भीत भीत. आपल्यावर बेतलेलं पुस्तक हिने मुद्दाम शोधून आणलं असणार, अशी त्यांची समजूत होती. प्रत्येक पान उलटताना वाटायचं, आता येतो तो सासरा, आता जातो टाकीवर. पण सासरा काही येईना. कादंबरी निघाली जुन्या काळातली, कापसाच्या जिनिंग कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलीची. गावात तार आली की रडारड होते, असला तो काळ. मोबाइल कुठला आणि रेंज कुठली! मुलीचं लग्न झालं तेव्हा गुरुजी सावरून बसले. मुलगी नवऱ्याच्या घरात पाऊल टाकते, समोर भिंतीवर सासऱ्याचा फोटो, फोटोला हार. सासरा मेलेला! लग्नाच्या आधीच मेलेला!

गुरुजींनी ते पान पुन्हा वाचलं. मग वाटलं, पुढे कुठेतरी त्याच्या आठवणी येतील. म्हणून शेवटच्या पानापर्यंत गेले. नाही. आठवण नाही, फोन नाही, शाळा नाही, मुलाखत नाही. सबंध पुस्तकभर तो सासरा हार घालून भिंतीवर बसलेला.

त्या दिवशी गुरुजींनी कमलाबाईंना स्वतःहून सरबत करायला सांगितलं. मोठ्या आनंदात होते. पोरीने पुस्तक धड वाचलंच नव्हतं, किंवा वाचून भर विहारात खोटं सांगितलं होतं. कसंही असो, ती सापडली होती, आणि तीही त्यांच्याच नियमाखाली. त्यांनी मनाशी सगळं जुळवलं. ही उद्या माझ्या फोनबद्दल कोणाला सांगायला गेली तर? त्याआधीच सगळ्यांसमोर दाखवून द्यायचं, की ही मनचं रचून सांगणारी बाई आहे. मग कोण विश्वास ठेवणार हिच्यावर? त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि त्या फोटोच्या पानावर खूण केली.

आत्मारामची फजिती करताना त्यांना जे सुख झालं होतं तेच सुख होतं हे. त्या सुखात माणूस पुढचं बघत नाही. कमलाबाईंनी सरबत आणून ठेवलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "मागे एकदा असेच खुशीत होतात," ती म्हणाली. गुरुजींचं लक्ष पुस्तकात होतं.

माघ पौर्णिमेला विहार भरून गेला. त्या सासऱ्याची गोष्ट महिनाभर वाडीत फिरली होती, आणि गुरुजी तिच्यावर काय बोलतात ते ऐकायला एरवी न येणारी माणसंही आली होती. वंदना झाली. गुरुजी खुर्ची सोडून पुढे आले. इस्त्रीचा सदरा, हातात हिरवं पुस्तक.

"मागच्या वेळी आपण एका सासऱ्याबद्दल ऐकलं," ते म्हणाले. "आठवतंय ना?"

"आठवतंय तर!" मथुराकाकी म्हणाली. "मेला सरबत पिणारा!"

"तोच. आता मी सगळं पुस्तक वाचलंय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आणि मी तुम्हाला सांगतो, त्यात तो सासराच नाही!"

कोणाला काही समजेना. गुरुजींनी लाल खुणेचं पान उघडून वर धरलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, भिंतीवरचा फोटो, फोटोचा हार, सगळं. "नितेश, इकडे ये. तू वाच. शाळा कुठे आहे? मुलाखत कुठे आहे? टाकी कुठे आहे? या काळात मोबाइलच नव्हते! तो सासरा या पुस्तकात पहिल्यापासून मेलेला आहे. आपल्या सूनबाईंनी तुम्हा सगळ्यांना मनचं रचून सांगितलं. या विहारात, भगवंतांसमोर. जे पुस्तकात नाही ते बोलायचं नाही, हा नियम मी माझ्या घरच्यांनाही सोडणार नाही!"

ते थांबले. हशा होईल असं त्यांना वाटलं होतं. आत्मारामच्या वेळी झाला होता.

कोणी हसलं नाही. नितेशने पान वाचलं, उलटून बघितलं आणि पुस्तक परत दिलं. "खरंच नाय हो," तो म्हणाला आणि स्नेहलकडे बघायला लागला. सगळेच तिच्याकडे बघायला लागले. स्नेहल चटईवर ताठ बसली होती. मान खाली नाही, डोळ्यांत पाणी नाही. ती गुरुजींकडेच बघत होती.

"बाबा बरोबर सांगतायत," ती म्हणाली. "पुस्तकात नाहीये ते."

बस, एवढंच. आणि बायकांच्या रांगेतून कमलाबाई उठली. गुडघे दुखतात म्हणून ती बैठकीत कधी मध्येच उठायची नाही. एक हात भिंतीला लावून सावकाश उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "पुस्तकातला मेला, तर मग टाकीवर फोन करणारा कोण?"

गुरुजी हातातलं पुस्तक मिटायला लागले.

"मागच्या पौर्णिमेला मला ते पुस्तकातलंच वाटलं. पण मे महिन्यात, भर दुपारी, टोपी न घालता तुम्ही टाकीवर गेला होतात. मी हाक मारली तर थांबला नाहीत. खाली आलात ते हसत, आणि म्हणालात, कमल, कोकमाचं सरबत कर. मी केलं. माझ्या हातानं केलं." तिने स्नेहलकडे बोट केलं. "ही पोर रोज येऊन विचारायची, आई, शाळेतून काही निरोप आला का? आणि तुम्ही माझ्यासमोर तिला म्हणालात, नशीब एकेकाचं. मला वाटलं, किती मायेनं बोलतात."

मथुराकाकीचा हात तोंडावर गेला. मागच्या महिन्यात आपण कोणाला काय काय म्हणालो ते आता एकेकाला आठवायला लागलं होतं, पण परत घ्यावं असं कोणालाच वाटत नव्हतं.

"कमल, घरी बोलू," गुरुजी म्हणाले.

"घरी ती बोलली असेल तुमच्याशी. काय उत्तर दिलंत?"

"तुझ्यासाठीच केलं मी! ती सकाळी गेली की संध्याकाळी येणार. तुझे गुडघे असे—"

"माझे गुडघे पुढं करू नका!" कमलाबाई अशी ओरडली की बाहेर खेळणारी पोरं दारात येऊन उभी राहिली. "मला विचारलं होतंत? मी कधी म्हटलं, तिला घरात डांबा म्हणून? तुम्हाला दुपारी गरम भाकरी हवी, ते सांगा की सरळ! लोकांच्या पोरींना शिका शिका म्हणून सांगत फिरता, आणि स्वतःच्या सुनेचा गळा दाबता?"

मग ती स्नेहलकडे वळली. "तुला काय हवंय गो?"

"त्यांनी फोन करून मुख्याध्यापकांना खरं सांगायला हवंय, आई. जागा अजून भरलेली नाही."

"चला," कमलाबाई म्हणाली. तिने नवऱ्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. रीतीप्रमाणे ते कोणाच्या तरी हातात जायलाच हवं होतं. "हे आता मी वाचीन. आणि तुम्ही टाकीवर चला. आत्ता. उजेड आहे तोवर."

गुरुजींनी आजूबाजूला बघितलं. कोणीतरी म्हणेल, जाऊ दे कमलाबाई, घरचं भांडण घरात मिटवा. असं म्हणणारी माणसं प्रत्येक वाडीत असतात. पण ज्यांनी म्हणायचं त्या सगळ्यांना गुरुजींनी या ना त्या पौर्णिमेला "बसा खाली" म्हटलेलं होतं. त्यांतला एकही पुढे आला नाही.

विहाराच्या मागून कातळावर चढणारी पायवाट आहे. पुढे गुरुजी, मागे कमलाबाई स्नेहलच्या खांद्यावर हात ठेवून, आणि त्यांच्या मागे सगळी बैठक. वर टाकीपाशी वारा होता. गुरुजींनी फोन काढला. दोनदा चुकीच्या नावावर बोट पडलं. मग घंटी वाजायला लागली. कमलाबाई म्हणाली, "स्पीकरवर टाका." त्यांनी टाकला.

"नमस्कार गुरुजी!" पलीकडून मुख्याध्यापकांचा आवाज आला. "आज कशी काय आठवण काढलीत?"

"नमस्कार. ते, आमच्या सूनबाईंबद्दल होतं," गुरुजी म्हणाले. "मागच्या वर्षी जरा गैरसमज झाला होता. म्हणजे काय झालं, फोन नीट लागत नव्हता, तुमच्या ऐकण्यात काहीतरी—"

"गुरुजी," मागून आत्माराम म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "जे घडलं नाही ते बोलायचं नाही."

गुरुजी मागे वळले. सगळे उभे होते. स्नेहल सगळ्यांत पुढे होती आणि तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती.

"हॅलो? गुरुजी? काय म्हणत होतात?"

"मी खोटं बोललो होतो," राजाराम गुरुजी फोनमध्ये म्हणाले. "तिनं नाही म्हटलं नव्हतं. तिला माहीतसुद्धा नव्हतं. मीच म्हटलं होतं."

मग स्नेहलने हात पुढे केला आणि त्यांच्या हातातून फोन घेतला. "सर, मी स्नेहल," ती म्हणाली. "आता मी बोलते."